काई सीगबान

काई मान्ने बोर्ये सीगबान (२० एप्रिल, १९१८ – २० जुलै, २००७) हे स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ होते. क्ष-किरणांच्या आघाताने पदार्थातून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा अतिशय काटेकोरपणे मोजून त्या पदार्थातील अणू आणि त्यांची रासायनिक स्थिती ओळखण्याची पद्धत त्यांनी उप्साला विद्यापीठात विकसित केली. ही पद्धत 'एस्का' या नावाने आणि पुढे 'क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटशास्त्र' या नावाने ओळखली जाऊ लागली. या कार्यासाठी त्यांना १९८१ सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग देण्यात आला. त्यांचे वडील मान्ने सीगबान हेही नोबेल पारितोषिकाचे मानकरी होते.

कुटुंब आणि शिक्षण

काई सीगबान यांचा जन्म दक्षिण स्वीडनमधील लुंड या विद्यापीठनगरीत झाला. वडील कार्ल मान्ने गेओर्ग सीगबान हे त्या वेळी लुंड येथे क्ष-किरणांच्या वर्णपटांचा अभ्यास करीत होते. आईचे नाव कारीन, माहेरचे आडनाव हगबोम. थोरले बंधू बू सीगबान पुढे राजनैतिक सेवेत आणि राजकारणात गेले. काई पाच वर्षांचे असताना वडिलांना उप्साला येथे प्राध्यापकपद मिळाले. क्ष-किरण वर्णपटशास्त्रातील शोधांसाठी मान्ने सीगबान यांना १९२४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वर्षी राखून ठेवलेले हे पारितोषिक प्रत्यक्षात १९२५ मध्ये जाहीर झाले, तेव्हा काई सात वर्षांचे होते. मूलद्रव्यांच्या वर्णपटातील रेषा मोजणे हे या घरातले नित्याचे काम होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९३६ ते १९४२ या काळात काई यांनी उप्साला विद्यापीठात गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचे शिक्षण घेतले. रसायनशास्त्राशी तेव्हा जडलेला परिचय पुढे त्यांच्या फार उपयोगी पडला. १९४४ साली त्यांना स्टॉकहोम येथे डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी त्यांचा विवाह आन्ना ब्रिटा रेडीन यांच्याशी झाला. या दांपत्याला तीन मुलगे झाले. त्यांपैकी पेर आणि हान्स हे दोघेही विज्ञानाच्या क्षेत्रात प्राध्यापक झाले.

स्टॉकहोममधील वर्षे

मान्ने सीगबान १९३७ साली उप्साला सोडून स्टॉकहोम येथे नव्याने स्थापन झालेल्या नोबेल भौतिकी संस्थेचे संचालक झाले होते. काई यांनी १९४२ ते १९५१ या काळात याच संस्थेत संशोधन केले. वडील जेथे प्रमुख आहेत तेथेच संशोधनाचा आरंभ करणे सोयीचे असते, तसेच अवघडही. काई यांनी वडिलांचा क्ष-किरणांचा विषय न घेता अणुकेंद्राचे भौतिकशास्त्र निवडले. किरणोत्सर्गी पदार्थांतून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांची, म्हणजेच बीटा किरणांची, ऊर्जा मोजणे हे त्यांचे काम होते. त्याच संस्थेत त्या काळी जर्मनीतून परागंदा झालेल्या लीझे माइटनर याही होत्या. त्यांनी १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये अशाच इलेक्ट्रॉन-वर्णपटांचा पाया घातला होता.

इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजण्याचे तत्त्व साधे आहे. चुंबकीय क्षेत्रात शिरलेला इलेक्ट्रॉन वळतो, आणि कमी वेगाचा इलेक्ट्रॉन जास्त वळतो. मात्र उगमापासून निघणारे इलेक्ट्रॉन सर्व दिशांना पसरतात. छिद्र बारीक ठेवून थोडेच इलेक्ट्रॉन घेतले तर मोजमाप अचूक होते, परंतु मोजायला पुरेसे इलेक्ट्रॉन उरत नाहीत. छिद्र मोठे केले तर इलेक्ट्रॉन मिळतात, पण रेषा पसरट होते. १९४६ साली सीगबान आणि त्यांचे सहकारी निल्स स्वार्थोल्म यांनी या अडचणीवर उत्तर काढले. केंद्रापासून दूर जाताना चुंबकीय क्षेत्र एका ठरावीक प्रमाणात क्षीण होत जाईल अशी रचना केली, तर इलेक्ट्रॉन आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही दिशांनी पुन्हा एका बिंदूत गोळा होतात. त्यासाठी त्यांना सुमारे २५५ अंशांचा फेरा पूर्ण करावा लागतो. दुहेरी केंद्रीकरणाचा हा वर्णपटमापक लवकरच अनेक देशांतील प्रयोगशाळांत वापरला जाऊ लागला.

१९५१ मध्ये सीगबान स्टॉकहोमच्या शाही तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. १९५४ साली ते उप्साला विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि विभागप्रमुख म्हणून परतले आणि १९८४ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांनी संपादित केलेला बीटा आणि गॅमा किरणांच्या वर्णपटशास्त्रावरील ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. त्याची बरीच विस्तारलेली आवृत्ती १९६५ मध्ये निघाली. अणुकेंद्राच्या अभ्यासकांत त्यांचे नाव या ग्रंथांमुळे रूढ झाले होते. त्यांनी याच क्षेत्रात पुढील आयुष्य काढले असते तरी त्यांची कारकीर्द प्रतिष्ठेचीच ठरली असती.

कडेवरची रेषा

अणुकेंद्राच्या अभ्यासासाठी लागणारे किरणोत्सर्गी नमुने सायक्लोट्रॉनमधून येत, आणि ते मिळेपर्यंत वर्णपटमापक रिकामा राही. या प्रतीक्षेच्या काळातच किरणोत्सर्गी नमुन्याऐवजी क्ष-किरण नळी वापरावी आणि साध्या, किरणोत्सर्गी नसलेल्या पदार्थातून इलेक्ट्रॉन बाहेर काढावेत, ही कल्पना सीगबान यांच्या मनात आकारास आली.

कल्पना अगदी नवी नव्हती. प्रकाशाने धातूतून विद्युतभार बाहेर पडतो, याची चाहूल हाइनरिश हर्ट्‌झ यांना १८८७ मध्ये लागली होती. १९०५ साली आइन्स्टाइन यांनी त्याचा हिशोब मांडला. प्रकाशकणाने दिलेल्या ऊर्जेतून इलेक्ट्रॉनला अणूपासून सुटण्यासाठी लागलेली बंधनऊर्जा वजा केली, की उरलेली ऊर्जा इलेक्ट्रॉनच्या गतीत दिसते. म्हणजे क्ष-किरणाची ऊर्जा ठाऊक असेल आणि बाहेर आलेल्या इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा मोजता आली, तर साध्या वजाबाकीने बंधनऊर्जा कळावी. प्रत्येक मूलद्रव्याच्या आतल्या कवचांच्या बंधनऊर्जा वेगळ्या असल्याने ही संख्या त्या मूलद्रव्याची ओळखखूणच ठरते. इंग्लंडमध्ये हॅरल्ड रॉबिन्सन यांनी १९१४ च्या सुमारास आणि महायुद्धानंतर पॅरिसमध्ये मोरिस द ब्रॉई यांनी या दिशेने प्रयोग केलेही होते. परंतु त्यांच्या छायाचित्रपट्ट्यांवर रेषा उमटत नसत. उमटत ते रुंद पट्टे आणि त्यांच्या पुसट कडा. त्या कडांवरून काढलेल्या बंधनऊर्जा क्ष-किरणांच्या वर्णपटांवरून मिळणाऱ्या आकड्यांपेक्षा अधिक विश्वसनीय नव्हत्या. त्यामुळे हा मार्ग जवळजवळ सोडून देण्यात आला होता.

पट्टे रुंद का होत, याचे कारण पदार्थाच्या आतच होते. पदार्थाच्या खोल भागातून निघालेला इलेक्ट्रॉन वाटेत इतर इलेक्ट्रॉनांना धडकतो आणि आपली ऊर्जा थोडी थोडी गमावतो. असे असंख्य इलेक्ट्रॉन मिळून पट्टा तयार होतो. सीगबान यांनी उप्साला येथे लोखंडाचा वापर टाळून नवा दुहेरी केंद्रीकरणाचा वर्णपटमापक बांधला. लोखंडाच्या चुंबकत्वातील लहरीपणा त्यामुळे टळला. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्रही तारेच्या वेटोळ्यांनी निष्प्रभ करण्यात आले. मापनाची सूक्ष्मता अशी वाढवल्यावर एक अनपेक्षित दृश्य दिसले. पट्ट्याच्या अगदी वरच्या कडेवर, पट्ट्यापासून सुटी अशी एक टोकदार रेषा उभी होती. वाटेत काहीही न गमावता थेट बाहेर आलेल्या इलेक्ट्रॉनांची ती रेषा होती. ती जवळजवळ तितकीच अरुंद होती, जितकी अणूतील त्या कवचाची स्वाभाविक रुंदी असते. १९५४ साली साध्या मिठाच्या स्फटिकापासून असा वर्णपट नोंदवण्यात आला.

पुढचे सगळे कार्य या रेषेवर उभे राहिले. रॉबिन्सन यांच्या उपकरणालाही हे इलेक्ट्रॉन येऊन मिळत होतेच. ते इतरांपासून वेगळे दिसण्याइतकी सूक्ष्मता तेवढी त्यात नव्हती.

रासायनिक सरक

कार्ल नूर्डलिंग आणि एव्हलिन सोकोलोव्स्की या तरुण सहकाऱ्यांसह सीगबान यांनी अणूंच्या बंधनऊर्जा नव्याने मोजण्याचे काम हाती घेतले. या पद्धतीवरील त्यांचा निबंध १९५७ साली 'फिजिकल रिव्ह्यू' या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उद्देश असा होता की, प्रत्येक मूलद्रव्यासाठी एकेक निश्चित, कायमची संख्या मिळावी. पण तांब्याच्या बाबतीत तशी संख्या मिळेना. शुद्ध तांबे आणि तांब्याचे ऑक्साइड यांत आतल्या कवचातील इलेक्ट्रॉनांची रेषा एकाच जागी येत नव्हती. १९५८ साली या तिघांनी हा फरक प्रसिद्ध केला.

अणूच्या आतल्या कवचातील इलेक्ट्रॉन रासायनिक बंधात भाग घेत नाहीत, ही पाठ्यपुस्तकी समजूत चूक नाही. परंतु बाहेरचा एखादा इलेक्ट्रॉन शेजारच्या अणूकडे ओढला गेला, तर आतल्या इलेक्ट्रॉनांना मिळणारा त्याचा आडोसा कमी होतो आणि त्यांच्यावरील अणुकेंद्राची पकड घट्ट होते. म्हणून बंधनऊर्जा काही इलेक्ट्रॉन व्होल्टने वाढते. ज्यांना अणूची अचूक, स्थिर संख्या हवी होती त्यांच्या दृष्टीने ही अडचणच होती. तिच्यामुळे सारणीतील प्रत्येक आकड्याला, नमुना कोणत्या संयुगाचा आहे, अशी अट जोडावी लागणार होती.

शिवाय शंकेलाही वाव होता. धातू विद्युतवाहक, ऑक्साइड तसा नाही. मग दिसलेला फरक रासायनिक आहे की नमुन्यावर साचलेल्या विद्युतभाराचा, हे दोन वेगळे नमुने ताडून निर्विवादपणे सांगणे कठीण होते. ही शंका १९६४ साली फिटली. स्टिग हागस्ट्रोम आणि नूर्डलिंग यांच्यासह सीगबान यांनी सोडियम थायोसल्फेटचा वर्णपट घेतला. छायाचित्रकार ज्याला 'हायपो' म्हणून ओळखत, तोच हा क्षार. त्याच्या प्रत्येक घटकात गंधकाचे दोन अणू असतात. एक मध्यभागी ऑक्सिजनच्या अणूंनी वेढलेला आणि दुसरा कडेला. वर्णपटात गंधकाच्या दोन स्वतंत्र रेषा दिसल्या. दोन्ही अणू एकाच नमुन्यात, एकाच क्षणी मोजले गेले असल्याने साचलेल्या विद्युतभाराचा आक्षेप टिकण्यासारखा नव्हता.

अडचण म्हणून पुढे आलेली ही सरकच पुढे पद्धतीचा गाभा झाली. नमुन्यात कोणते मूलद्रव्य आहे एवढेच नव्हे, तर ते कोणाच्या शेजारी आणि कोणत्या स्थितीत आहे, हेही आता वाचता येऊ लागले. सीगबान यांनी या पद्धतीला रासायनिक विश्लेषणासाठीचे इलेक्ट्रॉन वर्णपटशास्त्र असे नाव दिले. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून 'एस्का' हा शब्द तयार झाला. अणुकेंद्राचा अभ्यास मागे पडला आणि विभागाची बहुतेक शक्ती या कामाकडे वळली.

एस्काचा प्रसार

१९६७ साली सीगबान आणि सहकाऱ्यांचा एस्कावरील पहिला ग्रंथ उप्सालाच्या शाही विज्ञानसंस्थेच्या मालेत निघाला, आणि १९६९ मध्ये मुक्त रेणूंवरील दुसरा. वायुरूप पदार्थांवरील कामात ठोस नमुन्यांचे बरेच प्रश्न आपोआप टळत. एथिल ट्रायफ्लुओरोअॅसिटेट या संयुगाच्या रेणूत कार्बनचे चार अणू असून प्रत्येकाचे शेजारी वेगळे आहेत. वर्णपटात कार्बनच्या चार रेषा एकमेकींपासून स्पष्ट सुटलेल्या दिसतात. हे चित्र तेव्हापासून या विषयाच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते.

त्याच वर्षी अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने सीगबान यांच्या सहकार्याने एकरंगी क्ष-किरण वापरणारे उपकरण बाजारात आणले. अॅल्युमिनियमपासून निघणाऱ्या १४८६.६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या क्ष-किरणांतून वक्र क्वार्ट्‌झ स्फटिकाच्या साहाय्याने अरुंद भाग निवडण्याची युक्ती त्यात होती. लंडनमध्ये डेव्हिड टर्नर यांनी क्ष-किरणांऐवजी अतिनील प्रकाश वापरून बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचा असाच अभ्यास स्वतंत्रपणे चालवला होता. दोन्ही प्रवाह पुढे एकत्र आले.

इलेक्ट्रॉन न धडकता फक्त काही नॅनोमीटर खोलीतूनच बाहेर येऊ शकतात, म्हणून एस्काला पदार्थाचा अंतर्भाग दिसत नाही, केवळ पृष्ठभाग दिसतो. आरंभी ही मर्यादा वाटली. परंतु धातूचे गंजणे, उत्प्रेरकाचे काम, संगणकाच्या चकत्यांवरील थर हे सगळे पृष्ठभागावरच घडते, त्यामुळे उद्योगांत या पद्धतीला मागणी आली ती मुख्यतः याच गुणामुळे. हायड्रोजन मात्र तिला दिसत नाही. त्याच्याकडे आतले कवचच नाही.

द्रवांचा अभ्यास निर्वात कक्षात करणे अशक्य मानले जाई, कारण द्रव उकळून जातो. हान्स सीगबान आणि काई सीगबान या पुत्र-पित्यांनी १९७३ साली फॉर्मामाइडची बारीक धार निर्वातात सोडून तिचा वर्णपट मिळवला.

समूहातून उपजणारे गुणधर्म

एस्काच्या यशामुळे एक गैरसमज रूढ झाला. तो असा की, वर्णपटातील प्रत्येक रेषा म्हणजे एका अणूतील एका इलेक्ट्रॉनची साधी नोंद. प्रत्यक्षात एक इलेक्ट्रॉन अचानक निघून गेल्यावर मागे राहिलेल्या सर्व इलेक्ट्रॉनांना नव्याने मांडणी करावी लागते, आणि त्या मांडणीची छाया वर्णपटावर पडते. ऑक्सिजनच्या रेणूत दोन बाह्य इलेक्ट्रॉन अयुग्मित असल्याने त्याची आतल्या कवचाची रेषा दुभंगते. चुंबकत्वाशी निगडित असलेला हा परिणाम सीगबान यांच्या गटाने १९६९ साली दाखवला. तांब्याच्या ऑक्साइडच्या वर्णपटात मुख्य रेषेच्या बाजूला उपरेषा दिसतात. शुद्ध तांब्यात त्या नसतात.

हे ऑक्साइड साध्या हिशोबाने धातूसारखे विद्युतवाहक असायला हवे, पण ते तसे नाही. इलेक्ट्रॉन एकमेकांना इतके दूर लोटतात की ते जागच्या जागी खिळून बसतात. हा गुणधर्म एकट्या अणूत शोधून सापडत नाही. असंख्य इलेक्ट्रॉन एकत्र आल्यावरच तो उपजतो. चुंबकत्व आणि अतिसंवाहकता यांचेही तसेच. अशा उद्भवी गुणधर्मांचा शोध घ्यायचा तर इलेक्ट्रॉन किती ऊर्जेने निघाला याबरोबरच तो कोणत्या दिशेने निघाला, हेही मोजावे लागते. दिशेवरून त्याचा पदार्थातील संवेग कळतो. सीगबान यांच्या गटाने १९७० साली मिठाच्या एकस्फटिकातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे कोनानुसार वितरण मोजले होते. मात्र कोनानुसार मापनाचे शास्त्र प्रामुख्याने इतर देशांतील संशोधकांनी वाढवले, आणि त्याचे श्रेय सीगबान यांच्याकडे देणे योग्य होणार नाही. त्यांचा ओढा अखेरपर्यंत आतल्या कवचांकडे आणि रेणूंकडेच राहिला.

उपकरणांचा वारसा मात्र थेट आहे. १९८६ साली जोहानेस बेडनोर्झ आणि अॅलेक्स म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडांत उच्च तापमानाची अतिसंवाहकता शोधल्यावर त्या पदार्थांतील इलेक्ट्रॉन थेट पाहण्याची निकड निर्माण झाली. १९९३ साली स्टॅनफर्ड येथील गटाने बिस्मथयुक्त ऑक्साइडात अतिसंवाहकतेची ऊर्जा-फट सर्व दिशांना सारखी नसून काही दिशांना जवळजवळ नाहीशी होते, असे इलेक्ट्रॉन वर्णपटावरून दाखवले. जुन्या अतिसंवाहक धातूंना लागू पडणारे साधे चित्र येथे चालणार नाही, हे त्यातून उघड झाले. यानंतर उप्सालामध्ये सीगबान यांच्या परंपरेतून उभ्या राहिलेल्या सिएंटा या कंपनीचे, ऊर्जा आणि कोन एकाच वेळी नोंदवणारे विश्लेषक जगभरच्या सिंक्रोट्रॉन केंद्रांत बसवले गेले. भारतातही इंदूर येथील इंडस-१ या सिंक्रोट्रॉनवर प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटांसाठी स्वतंत्र किरणमार्ग आहेत.

नोबेल पारितोषिक आणि नंतरची वर्षे

१९८१ सालच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग सीगबान यांना आणि उरलेला अर्धा भाग लेसर वर्णपटशास्त्रासाठी निकोलास ब्लूमबर्गन आणि आर्थर शॉलो यांना विभागून मिळाला. वडील आणि मुलगा या दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल मिळण्याचे प्रसंग मोजकेच आहेत. थॉमसन, ब्रॅग आणि बोर ही त्यांतील इतर घराणी. मान्ने सीगबान यांचे १९७८ साली निधन झाले होते. मुलाचा हा सन्मान पाहण्यास ते तीन वर्षे कमी पडले. वडिलांनी क्ष-किरणांच्या रेषा मोजून अणूची कवचे उलगडली आणि मुलाने तेच क्ष-किरण हत्यार म्हणून वापरले. तरुणपणी टाळलेल्या विषयाकडे काई अशा आडवाटेने परतले होते.

१९८१ ते १९८४ या काळात सीगबान विशुद्ध आणि उपयोजित भौतिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. वजने व मापे यांच्या आंतरराष्ट्रीय समितीवरही त्यांनी काम केले. भौतिकशास्त्रातील उपकरणांना वाहिलेल्या 'न्यूक्लिअर इन्स्ट्रुमेंट्स अँड मेथड्स' या नियतकालिकाचे संपादन त्यांनी अनेक वर्षे केले. १९८४ मध्ये निवृत्त झाल्यावरही त्यांनी प्रयोगशाळा सोडली नाही. नवे वर्णपटमापक रचण्याचे त्यांचे काम चालूच राहिले.

२० जुलै, २००७ रोजी दक्षिण स्वीडनमधील एंगेलहोल्म येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ८९ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, बिस्मथ आणि अँटिमनी यांच्या मिश्रधातूच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉनांची वैशिष्ट्यपूर्ण अवस्था कोनानुसार घेतलेल्या इलेक्ट्रॉन वर्णपटांतून दाखवण्यात आली. आत विद्युतरोधक आणि पृष्ठभागावर विद्युतवाहक असणाऱ्या पदार्थांचा एक नवा वर्ग त्यामुळे प्रयोगाने सिद्ध झाला.